स्पेलिंग सापडलं, मुद्दा हरवला

फेब्रुवारी २०२२ मधली गोष्ट आठवते का बघा. लोकसभेत निर्मला सीतारामन बजेटवरच्या चर्चेला उत्तर देत होत्या आणि रामदास आठवलेंचा चेहरा भलताच चकित दिसत होता. शशी थरूर यांनी तो फोटो ट्विटरवर टाकला आणि टोमणा मारला, की अर्थव्यवस्थेबद्दलचे हे दावे सत्ताधाऱ्यांनाही पटेनात. पण घाईत ‘बजेट’मधल्या ‘यू’च्या जागी ‘वाय’ पडला (कीबोर्डवर दोन्ही शेजारी) आणि ‘रिप्लाय’मधला ‘पी’ गळून ‘रिलाय’ झालं. आठवलेंनी दोन्ही चुका बरोब्बर पकडल्या. थरूरांना आठवले स्पेलिंग शिकवतात म्हटल्यावर हशा तर होणारच. मीही हसलो, खोटं कशाला बोलू!

थरूरांनी चूक कबूल केली, वर जेएनयूमध्येही कुणाला तरी तुमच्या शिकवणीची गरज आहे अशी कोपरखळी मारली. कारण त्याच सुमारास तिथल्या नव्या कुलगुरू, आपल्या पुणे विद्यापीठातून गेलेल्या शांतिश्री पंडित, यांच्या इंग्रजी निवेदनातल्या चुका वरुण गांधींनी चव्हाट्यावर मांडल्या होत्या. ‘विल’ हवं तिथे ‘वुड’, ‘स्टुडंट-फ्रेंडली’चं ‘स्टुडंट्स फ्रेंडली’, असं सगळं.

आता सांगा, अर्थमंत्र्यांचे दावे खरे होते की खोटे? कुलगुरू विद्यापीठात नेमकं काय करणार होत्या? नाही ना आठवत? स्पेलिंग मात्र पाठ आहे.

कुलगुरूंच्या निवेदनावरून कुणीतरी नजर फिरवायला हवी होती, हे मान्य. पण ‘विल’च्या जागी ‘वुड’ आपल्या सरकारी इंग्रजीत सर्रास चालतो, साहेबांच्या पत्रात असला की कुणी हसत नाही. आणि ज्या नियमांवरून आपण भांडतो ते तरी कुठे दगडावर कोरलेत? एका माणसासाठी ‘दे’ वापरलं म्हणून मास्तर पट्टी मारायचे. तोच ‘दे’ २०१९ साली मेरियम-वेबस्टर कोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. ‘प्रीपोन’ला नाकं मुरडून झाली, तोही ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला.

म्हणजे चुका काढूच नयेत का? काढा की! अमेरिकेत मेन राज्यात ओव्हरटाइम कुणाला द्यायचा नाही याच्या कायद्यात एक स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे ‘वाटप’ हे वेगळं काम, की ‘वाटपासाठी पॅकिंग’ हे एकच काम, याचा पत्ता लागेना. दुधाच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर कोर्टात गेले, २०१७ मध्ये अपिलात जिंकले आणि पुढच्या वर्षी डेअरीने ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. याला म्हणतात व्याकरण! तिथे चूक कायद्याची होती आणि ती गरिबाच्या बाजूने पकडली गेली.

आपल्याकडे बरोब्बर उलटं. मागच्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डाच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, ‘गटर वॉटर कम इन अवर हाउस टू डे.’ मराठीत लिहिलेल्या दोन तक्रारींना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून बिचाऱ्यांनी इंग्रजीत लिहिलं. पहिलं उत्तर आलं, ‘कम नाही, केम.’ दुसरा म्हणाला, टू डे म्हणजे दोन दिवस का? मग हसण्याच्या इमोजींची रांग. एकाने तर ‘हॅज कम’ की ‘केम’ यावर अर्धा तास वाद घातला. शिकला सवरलेला माणूस, इंजिनिअर. त्या ग्रुपमध्ये माजी नगरसेवकही आहेत. त्यांनीही अंगठा दाखवला, कशाला ते त्यांनाच ठाऊक.

काकांनी पोस्ट डिलीट केली. त्यानंतर ग्रुपवर ते एक अक्षर लिहीत नाहीत. काल पुन्हा जोराचा पाऊस झाला, मी स्वतः जाऊन बघितलं. त्यांच्या उंबऱ्याला अजून विटा रचलेल्या आहेत.