मोरीतून उलट आलेले पाणी

हवापालटासाठी देवळाली कॅम्पला जावे, असा सल्ला डॉक्टर सर्रास देत असत, त्याला फार काळ लोटलेला नाही. कोरड्या हवेच्या लौकिकामुळे येथे निरनिराळ्या समाजांची आरोग्यभवने उभी राहिली आणि ऐसपैस आवारांचे बैठे बंगले बांधले गेले. तथापि घराचे आरोग्य हवेइतकेच जमिनीखालच्या व्यवस्थेवरही अवलंबून असते, याची आठवण पावसाळा दरवर्षी करून देतो.

गेल्या श्रावणात कॅम्पातील एका जुन्या दुमजली घरातील आजोबा माझ्याकडे आले. तीन दिवसांच्या झडीनंतर तळमजल्याच्या मोरीतून काळे पाणी उलट येऊन स्वयंपाकघरापर्यंत पसरले होते. "डॉक्टर, दुर्गंधीने डोके उठले आहे, काही औषध द्या," असे त्यांचे म्हणणे. मी दोनच प्रश्न विचारले: पिण्याच्या पाण्याची जमिनीतील टाकी कोठे आहे, आणि घरात कोणी गरोदर आहे काय? टाकी मैल्याच्या चेंबरपासून चार पावलांवर होती आणि सुनेला सातवा महिना लागला होता. आजोबांना खरा धोका तेव्हा उमगला.

असे का घडते, ते प्रथम पाहू. सांडपाण्याची वाट पुढे तुंबली, की पाणी आपल्या मार्गातील सर्वांत खालच्या उघड्या तोंडातून बाहेर पडते. बहुतेक घरांत ते तोंड म्हणजे तळमजल्याची नहाणी किंवा तळघरातील मोरी. म्हणूनच वरच्या मजल्यावर कोणी स्नान करते आणि खालच्या घरात मैला येतो. पावसाळ्यात शोषखड्ड्याभोवतीची जमीन पाण्याने भरते व शोषण थांबते. वर्षानुवर्षे न उपसलेल्या सेप्टिक टँकमध्ये गाळ साचून जागा उरत नाही. गच्चीच्या पन्हळीचे पाणी चेंबरमध्ये सोडले असेल, तर उरलीसुरली जागाही संपते. शौचकूपात पाणी ओतताच मोरीतून गुडगुड आवाज येणे, ही पूर्वसूचना होय. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

पाणी उलट आल्यास सर्व मजल्यांवरील पाण्याचा वापर तत्काळ थांबवावा. पाणी विजेच्या बटणांपर्यंत किंवा उपकरणांपर्यंत पोहोचले असेल, तर त्यात पाय ठेवू नये. कोरड्या जागेवरून मुख्य स्विच बंद करता येत असेल तरच करावा, अन्यथा वीजतंत्रज्ञास बोलवावे. मुले, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांना त्या खोल्यांपासून दूर ठेवावे. साफसफाई करणाऱ्याने रबरी बूट व हातमोजे घालावेत. अंगावर जखम असल्यास हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

स्वच्छतेचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी घाण काढावी, मग साबणाच्या पाण्याने फरशी घासावी आणि शेवटी जंतुनाशक वापरावे, कारण घाणीवर ओतलेले क्लोरीन घाणीतच खर्ची पडते. 10 लिटर पाण्यात सुमारे 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी फरशीवर किमान 10 मिनिटे राहू द्यावे. खिडक्या उघड्या असाव्यात. ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड किंवा अन्य कोणतेही क्लीनर कदापि मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो. भिजलेल्या गाद्या, उशा व उघडे धान्य यांचा मोह सोडावा.

पाण्याच्या टाकीबाबत शंका असेल, तर चव घेऊन परीक्षा करू नये. टाकी रिकामी करून घासावी, क्लोरीनने निर्जंतुक करावी आणि पाण्याची तपासणी होईपर्यंत उकळलेले पाणीच प्यावे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट ते उकळू द्यावे. 1955 च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर नजफगड नाल्याचे मैलापाणी शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरले आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. क्लोरीनची मात्रा वाढवली होती, तरीही विषाणू त्यातून तगला. पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून तो हेपटायटिस 'ई' असल्याचे अनुमान निघाले. हा आजार गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत विशेष घातक ठरतो. म्हणून सुनेला तिच्या माहेरी पाठवण्याचा सल्ला मी त्याच दिवशी दिला.

पुढील काही आठवडे प्रकृतीवर लक्ष ठेवावे. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे ही लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे बहुधा एक-दोन आठवड्यांत दिसतात. काविळीला दोन महिन्यांपर्यंत अवधी लागू शकतो. डॉक्टरांकडे जाताच मैलापाण्याशी संपर्क आल्याचे आपण होऊन सांगावे. प्रतिबंधक गोळ्या मनाने घेऊ नयेत.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. आजोबांकडे आलेला एक तरुण मजूर "पाचशे रुपये द्या, आत उतरून मोकळे करतो" म्हणून अंगातला सदरा काढू लागला होता. आजोबांनी त्याला उतरू दिले नाही, हे त्यांनी केलेले सर्वांत मोठे आरोग्यकार्य होय. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असता सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते, अधिक असता नाकाची जाणीवच बधिर होते आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढण्यासाठी उतरणाराही वाचत नाही. 2013 च्या कायद्याने माणसाला असे धोकादायक रीतीने उतरवणे गुन्हा ठरवले आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. परंतु कोणत्याही रकमेने घरचा माणूस परत येत नाही. काम मैला उपसणाऱ्या गाडीकडूनच, वरून नळी सोडून करून घ्यावे.

सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसावा, ही साधी शिस्त आहे. आपल्याच जिल्ह्यातील सिन्नर व सातारा जिल्ह्यातील वाई येथील नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता, घरोघर ठरावीक वर्षांनी टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली आहे. जेथे अशी सोय नाही, तेथे कुटुंबाने स्वतः उपशाची तारीख टाकीच्या झाकणाजवळील भिंतीवर लिहून ठेवावी. पन्हळीचे पाणी वेगळे काढावे आणि तळघर असल्यास बाहेर जाणाऱ्या नळीवर पाणी उलट येऊ न देणारी झडप बसवून घ्यावी.

आजोबांची सून दिवाळीच्या सुमारास सुखरूप बाळंत झाली. बारशाला गेलो, तेव्हा पिण्याच्या पाण्याची नवी टाकी जमिनीवर, चेंबरपासून दूर, चौथऱ्यावर बसवलेली दिसली. भिंतीवर खडूने नव्हे, रंगाने तारीख लिहिलेली होती.