संपाच्या गेटवर आपली मुलं

संप सुरू झाला की कंत्राटदाराचे फोन सुरू होतात. 'ग्रॅज्युएट आहेस ना? उद्यापासून ये, रोजचे पैसे रोज.' घरातले पहिले पदवीधर, डोक्यावर कर्ज, स्पर्धा परीक्षांत गेलेली वर्षं. अशी मुलं मला विचारतात, जाऊ का? त्यांना 'संपफोडे' म्हणून हिणवणाऱ्यांत मी नाही. पण 'खुशाल जा' असंही माझ्या तोंडून निघत नाही.

आपल्याला हा प्रश्न जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. त्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथं अस्पृश्यांना मज्जाव. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. म्हणजे दार अडवून उभे होते ते सोबतचे कामगारच. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं: हा अन्याय मागण्यांत घ्या, नाहीतर आमच्या लोकांना संपात उतरू नका असं सांगेन. मागणी कशीबशी यादीत आली. त्यावर मालकांनी हात झटकले, की ही बंदी आम्ही घातलेलीच नाही. (या एका बाबतीत ते खरं बोलत होते!) १९२९च्या संपाला बाबासाहेबांनी उघड विरोध केला.

आणि तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ला, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाच्या संपात उतरले. मला यात विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळा त्यांनी एकच पाहिलं: या लढ्यात आपल्या माणसाच्या वाट्याला काय येणार?

आजही मी आधी तेच पाहतो. कायम नोकरीवाल्यांच्या मागणीपत्रात कंत्राटी कामगारांसाठी एक ओळ तरी आहे का? नसेल, तर त्या युनियनने आपल्या मुलांना निष्ठा शिकवू नये.

सफाई कामगारांच्या संपात मात्र माझा हिशेब बदलतो. तिथं बदली माणसं सदाशिव पेठेतून येत नाहीत, शेजारच्याच वस्तीतून आणली जातात. एका भावाची भाकरी दुसऱ्याच्या हातून हिसकावली जाते, आणि मुकादम कडेला उभा राहून बघतो. तिथं जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या परिशिष्टाने, कायदेशीर संप चालू असताना नवी भरती करणं ही मालकाची अनुचित प्रथा ठरवली होती. दोष भरती करणाऱ्याचा, पोटासाठी आलेल्याचा नव्हे. आपल्याकडे शिव्या मात्र नेमक्या दुसऱ्यालाच पडतात.

फोन आला तर कंत्राटदाराला विचारा, संप मिटल्यावर मी कुठं असेन? मग गेटवर जाऊन युनियनच्या माणसालाही हेच विचारा, आणि उत्तर लेखी मागा.