हात धरावा, हिसकावूं नये

आमच्या शाळेच्या आवारांत आज कोणा विद्यार्थ्यास विचारलें कीं, "बाळ, तुला वेबसाइट काढतां येईल काय?" तर तो हंसून "त्यांत काय आहे, सर?" असें उत्तर देईल. त्याचें उत्तर खोटें नाहीं. परंतु ज्यास एखादी गोष्ट सहज येते त्यास ती दुसऱ्यास शिकवितां येतेच असें नाहीं, हें आम्हां शिक्षकांस जुन्या अनुभवानें ठाऊक आहे. तरीहि तें आम्ही स्वतःच कसें विसरलों, त्यामुळें एका वृद्ध गृहस्थाचें केवढें नुकसान झालें, आणि त्यावरून आमचें काय मत बनलें, हें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आम्हांस लहानपणीं भूगोल शिकविणारे एक गुरुजी आज त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. १९७२ सालच्या दुष्काळांत ते ऐन तारुण्यांत होते. खडी फोडण्याच्या कामावर गेलेलीं कुटुंबें, मिलोच्या तांबड्या भाकरी, वाटपाची सुखडी हें सर्व त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. पुढें शिक्षक झाल्यावर त्यांनीं शाळेच्या मैदानांत पर्जन्यमापक बसविला, आणि रोज सकाळीं पावसाचा आंकडा वहींत टिपण्याचा क्रम आरंभिला. निवृत्तीनंतर त्यांनीं घराच्या अंगणांत दुसरा पर्जन्यमापक बसवून तो क्रम चालूच ठेवला. कोणत्या गांवच्या विहिरीनें कोणत्या महिन्यांत तळ गांठला याच्या नोंदी आणि दुष्काळ सोसलेल्या माणसांनीं सांगितलेल्या हकीकती यांचाहि त्यांच्याजवळ मोठा संग्रह आहे. हें सर्व कोणासहि वाचतां यावें म्हणून आपलें स्वतःचें संकेतस्थळ असावें, असें त्यांच्या मनानें घेतलें.

संकेतस्थळास तीन गोष्टी लागतात: नांव, जागा व पानें. नांव म्हणजे पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाहीं. ठराविक मुदतीची रक्कम भरून आपल्याकडे ठेवावा लागतो. मुदत सरली आणि नूतनीकरण झालें नाहीं, तर कांहीं दिवसांच्या सवलतीनंतर तेंच नांव दुसऱ्या कोणासहि घेतां येतें. जागा म्हणजे रात्रंदिवस चालू असणाऱ्या दूरच्या संगणकावर भाड्यानें घेतलेला एक कोपरा. पानें मात्र ज्याचीं त्यानें लिहावयाचीं. ज्यांनीं जन्मभर अक्षांश-रेखांश समजावून दिले त्या गुरुजींस एवढें समजावयास दहा मिनिटें पुरलीं असतीं. परंतु त्यांस हें अशा रीतीनें कोणीं सांगितलेंच नाहीं.

झालें तें निराळेंच. आम्हीं त्यांस संगणकापुढें बसविलें. पडद्यावर सर्व इंग्रजी, तेंहि बारीक अक्षरांत. "होस्टिंग म्हणजे कोणाचा पाहुणचार?" असें त्यांनीं विचारलें तेव्हां आम्ही हंसलों, उत्तर दिलें नाहीं. ओ.टी.पी. आला; चष्मा शोधून सहा आंकडे वाचीपर्यंत मुदत संपली. पुन्हां मागविला, तर आम्हींच घाईनें म्हटलें, "गुरुजी, आंकडे सांगा." ते गोंधळून आमच्याकडे पाहूं लागले. हे आंकडे कोणासहि सांगूं नका, असें आदल्याच आठवड्यांत आम्हीं त्यांस बजाविलें होतें! शेवटीं आमचा धीर सुटला. "द्या इकडे, आम्हीच करतों," असें म्हणून आम्हीं माऊस त्यांच्या हातून काढून घेतला.

पुढचें काम त्यांच्या एका तरुण नातलगानें तासाभरांत उरकलें. नांव त्यानें आपल्याच खात्यावर घेतलें, पासवर्ड आपल्यापाशीं ठेवला. त्याचा हेतु वाईट नव्हता. स्थळ सुरेख दिसत होतें आणि सर्वांनीं वाहवा केली. परंतु त्यांतील एक वेलांटी चुकली असती तर ती सुधारणें गुरुजींस येत नव्हतें. वर्षभरांत नातलग परदेशीं नोकरीस गेला. नूतनीकरणाचीं पत्रें ज्या ई-मेलवर येत तो पाहण्याचें त्यानें सोडलें होतें. नांवाची मुदत सरली, जागेचें भाडें थकलें, पानें नाहींशीं झालीं. एके सकाळीं गुरुजींनीं पत्ता उघडला तों तेथें कोणा परक्याची जाहिरात! "माझ्याकडून कांहीं चुकीचें दाबलें गेलें काय?" हाच त्यांचा पहिला प्रश्न होता. चूक आमची होती, आणि अपराधी त्यांस वाटत होतें. तो प्रश्न ऐकून आम्हांस जी लाज वाटली ती अद्याप गेलेली नाहीं.

कोणी म्हणतील, या वयांत हा खटाटोप हवा कशाला? व्हॉट्सॲपवर टाकलें म्हणजे झालें. परंतु तेथें सकाळचा मजकूर संध्याकाळीं शेंकडों निरोपांखालीं गडप होतो. शिवाय दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार मालकाच्या मर्जीवर असतो. १९९४ सालीं निघालेल्या जिओसिटीज या सेवेवर लक्षावधि सामान्य माणसांनीं आपलीं पानें मांडलीं होतीं. २००९ सालीं जपानाखेरीज ती सर्वत्र बंद झाली. तेव्हां पत्ता आपला असावा, ही गुरुजींची इच्छा शहाणपणाचीच होती.

वृद्धांस हें जमावयाचें नाहीं, हा दुसरा आक्षेप. ज्या टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं वेबची कल्पना मांडली, त्यांचा जन्म १९५५ चा. म्हणजे तेहि आज तुमच्या आजोबांच्याच वयाचे आहेत. ते ज्या सर्न संस्थेंत काम करीत होते, तिनें ३० एप्रिल १९९३ रोजीं ही युक्ति विनामूल्य सर्वांस खुली केली. सर्वांस म्हणजे केवळ तरुणांस नव्हे. वृद्धांचा हात हळू चालतो हें खरें. परंतु हळू चालणें आणि न चालणें यांत फार अंतर आहे.

आम्ही नकाशा काढावयास शिकत होतों त्या वेळची गोष्ट आठवते. कोंकणचा किनारा काढतांना आमचा हात थरथरे. गुरुजी मागें उभे राहून हात धरीत, पण पेन्सिल आमच्याच बोटांत राही; आणि रेघ जरा सरळ येऊं लागली कीं ते हात सोडीत. आमच्याऐवजीं नकाशा त्यांनीं एकदांहि काढला नाहीं. त्यांच्या वेळीं आम्हीं पेन्सिलच हिसकावून घेतली. कोणाचें काम त्याच्या हातून काढून घेणें हें साह्य नव्हे. तें त्याला परावलंबी करणें होय, हें आमचें मत त्या दिवसापासून ठाम झालें आहे.

म्हणून दुसऱ्या प्रयत्नास आम्हीं नववीच्या दोन विद्यार्थ्यांस दर शनिवारीं गुरुजींकडे पाठविलें, आणि नियम एकच घालून दिला: माऊसला हात लावावयाचा नाहीं. प्रत्येक पायरी गुरुजींनीं स्वतःच्या हस्ताक्षरांत वहींत उतरवावी. पासवर्ड त्यांनींच ठरवावा, ओ.टी.पी. त्यांनींच वाचावा, नूतनीकरणाची तारीख भिंतीवरील कॅलेंडरावर त्यांनींच लिहावी. मध्यंतरीं एक विघ्न आलें. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं टंकलिखित केलेल्या हकीकती उघडल्या तों पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला! त्या काळच्या अनेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसविलेले असत. तो फाँट नसला कीं मराठी नाहींशी होई. युनिकोडांत प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे, उदाहरणार्थ 'क' चा ०९१५, म्हणून तें कोठेंहि 'क' च राहतें. हें कळतांच गुरुजी म्हणाले, "म्हणजे हजेरीपटासारखेंच कीं!" आणि सर्व मजकूर त्यांनीं पुन्हां टंकलिखित करावयास घेतला.

या कामास चार महिने लागले. तासाभराचें काम चार महिन्यांत झालें म्हणून कोणी हंसेल. परंतु परवां रात्रीं गुरुजींस एका विहिरीच्या नोंदींत साल चुकलेलें दिसलें; त्यांनीं उठून, कोणासहि हांक न मारतां, तें दुरुस्त केलें. आमच्या मतें संकेतस्थळ त्यांचें झालें तें त्या रात्रीं.

पालकहो, मुलांपाशीं शिकावयास बसण्यांत कमीपणा नाहीं. "तूंच करून टाक" म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्या घरींहि कोणी आजी, कोणी आजोबा असें कांहींतरी मनांत धरून बसले असतील. या सुट्टींत त्यांच्याशेजारीं बसा. त्यांचा प्रश्न पांचव्यांदा आला तरी पहिल्यांदा आल्याप्रमाणें उत्तर द्या, आणि आपले हात आपल्या मांडीवर ठेवा. तुम्हांस अक्षरें गिरवावयास शिकवितांना त्यांनीं घाई केली नव्हती, एवढें स्मरण ठेवावें इतकीच विनंति करून आम्ही हा लेख संपवितों.