इंग्रजी आधी कानावर पडू द्या

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी शिकविणे सुरू झाले. तेव्हापासून आपल्या मराठी शाळांतील मुले दहा वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडतात. तरीही घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतून शिकून पुढे आलेला आपला पदवीधर अंधेरीच्या एखाद्या कार्यालयात मुलाखतीस बसला की अनेकदा अडखळतो. उणीव बुद्धीची नसते. त्याने इंग्रजी वाचलेली व लिहिलेली असते, ऐकलेली नसते. घरात, शेजारात जी भाषा बोलली जात नाही, ती कानावर पडणार कोठून?

याचे एक साधन निवासी शाळेच्या हाताशी आहे, ते म्हणजे चित्रपट. मात्र रविवारची करमणूक म्हणून नव्हे, पाठ म्हणून तो दाखविला पाहिजे.

परदेशी चित्रपटात मुलांना कथाही अनोळखी आणि उच्चारही अनोळखी. म्हणून आम्ही सुचवितो, डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटापासून आरंभ करावा. २००० साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट मूळ इंग्रजीत आहे. कोलंबिया विद्यापीठ, महाड, गोलमेज परिषद, पुणे करार, धम्मदीक्षा हा क्रम आपल्या मुलांना मुखोद्गत असतो. अर्थ आधीच ठाऊक असल्याने लक्ष शब्दांकडे वळते. शिवाय मामुट्टी हे मल्याळी अभिनेते त्यात बाबासाहेब साकारतात. इंग्रजी ही साहेबाचीच मिरास नव्हे, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

एका वेळी दहा मिनिटांचा प्रसंग पुरे. प्रथम तो इंग्रजी उपशीर्षकांसह पाहावा. ती नसल्यास शिक्षकांनी संवाद फळ्यावर लिहावेत. मग केवळ ऐकावे आणि शेवटी मुलांनीच ते संवाद म्हणावेत. उपशीर्षके मराठीत मात्र नकोत. डोळे मराठी वाचू लागले की कान झोपी जातात. अहमदाबादच्या आयआयएमचे प्रा. ब्रिज कोठारी यांनी चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतील शब्द दाखवून साक्षरता वाढविण्याची कल्पना १९९६ मध्ये मांडली, तिचेच हे तत्त्व होय.

व्याकरणाला हा पर्याय नाही आणि मराठीचा त्यागही नाही. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढले, १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत लिहिले. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत आणि जगाशी जगाच्या भाषेत बोलण्याचा हा वारसा आहे.

माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एक रविवार या कामी द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे. प्रसंग पाहून झाल्यावर मुलांशी इंग्रजीत बोलणारे कोणीतरी समोर असले पाहिजे. ते काम पडदा करू शकत नाही.