बशीतले पहारेकरी

वाघोलीहून गणेशखिंड म्हणजे पुणे शहराचं दुसरं टोक. तिथे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवतं, म्हणूनच या अंकाचा विषय आम्हांला परका वाटत नाही: उंदराच्या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, अर्थात मायक्रोग्लिया. १९१९ मध्ये शास्त्रज्ञ देल रिओ-ओर्तेगा यांनी त्यांना वेगळं ओळखलं. आज अल्झायमरच्या अभ्यासात त्यांना मोठं महत्त्व आहे. पण उंदराच्या पेशींवरून माणसाच्या आजाराबद्दल बोलताना, उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप खराच. शिवाय पेट्री डिशमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बशीत, वाढवल्यावर या पेशींचं वागणंही बदलतं. तरी एकेक कारण सुटं करून तपासायला ही बशीच सोयीची, आणि १९९० मधली बीव्ही-२ ही सतत वाढणारी पेशीमालिका दर प्रयोगाला नवा उंदीर मारणं टाळते. निष्कर्ष मात्र जपून काढावेत, असं आमचं मत. तुमचं वेगळं असेल, तर जरूर लिहा.