दुसरं पिल्लू

चेंगडूच्या पांडा प्रजनन केंद्रात आम्ही दोघं सकाळीच पोचलो. ऊन चढलं की ही मंडळी झोपतात ना! ह्यांचं नेहमीचं सुरू झालं, "एका अस्वलापायी एवढा खर्च?" मला नाही पटत. १९८७ साली वाचवून आणलेल्या ६ पांडांवर हे केंद्र सुरू झालं. जुळी झाली की जंगलात आई बहुधा एकच वाढवते. दुसरं, जेमतेम १०० ग्रॅमचं, मरतं. इथे पिल्लं आलटून पालटून आईपाशी ठेवतात, दोन्ही जगतात.

६० मुलांच्या वर्गात मीही हुशारांनाच जवळ केलं. मागच्या बाकावरच्यांची नावंसुद्धा आता आठवत नाहीत. म्हणून म्हणते, होऊ दे खर्च. हे जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "चल, चहा मिळतो का बघू."