विंडोज ११ : घाई नको, टाळाटाळही नको

रत्नागिरीत झेरॉक्स, सातबारा, ऑनलाइन अर्ज अशी कामे करणाऱ्या छोट्या दुकानाचा सारा भार एका संगणकावर असतो. त्यामुळे ‘चालतंय तर हात कशाला लावायचा?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे.

काय बदलले?
विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. संगणक चालू राहतो, पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत. ज्या संगणकावर लोकांचे आधार, पॅन आणि बँक पासबुक उघडते, तिथे ही जोखीम एकट्या दुकानदाराची राहत नाही.

संगणक पात्र आहे का?
विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर लागतो. ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप त्याचे उत्तर देते.

आधी काय करावे?
अंगठ्याचे मशीन, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, प्रिंटर आणि मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेल का, हे विक्रेत्याला विचारावे. फाइल्सची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी. ऐन गर्दीच्या दिवसांत किंवा पावसात वीज ये-जा करत असताना अपग्रेड टाळावे. अडचण आल्यास १० दिवसांत जुन्या विंडोजवर परतता येते.

पात्र नसेल तर?
वैयक्तिक संगणकांसाठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे. ही सवलत नव्या संगणकाची तजवीज करण्यासाठी आहे, विसरून जाण्यासाठी नाही.